उपवासाला चालणारा मोबाईल

रविवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मला एक निरोप आला. आठवड्यातून एक दिवस मोबाईल बंद ठेवा, मनाला विश्रांती द्या, घरच्यांशी बोला, असा तो निरोप होता. खाली जोडलेले दोन हात, एक कमळ आणि एक उगवता सूर्य. निरोप मोबाईलवर आला हे सांगायला नकोच. त्या एका दिवसात तोच निरोप मला नऊ जणांनी पाठवला. आमच्या थोरल्या साडूंनी तर दोनदा पाठवला. एकदा घरच्या ग्रुपवर, आणि ग्रुपवर मी वाचला नसेन तर असावा म्हणून एकदा वेगळा. या सगळ्यांना कमळाला कमळ आणि हाताला हात अशी परतफेड करेपर्यंत संध्याकाळचे पाच वाजले, आणि घरच्यांशी बोलायचं राहूनच गेलं.

या मंडळींशी मला एकदा मनसोक्त भांडायचं आहे. हे भांडण मोबाईलच्या बाजूनं नाही बरं का. मोबाईलची बाजू घेणारा माणूस मी नव्हे. बावीस वर्षं बँकेच्या काउंटरवर बसलोय, आणि ग्राहकानं एका खांद्यावर मान मोडून, मान आणि खांदा यांच्यामध्ये मोबाईल चेपून भरलेल्या पैसे भरायच्या स्लिपा वाचल्या आहेत. रकमेच्या जागी तारीख, सहीच्या जागी रक्कम आणि खाते क्रमांकाच्या जागी पलीकडून बोलणाऱ्या मेहुण्याचा नंबर. तेव्हा मोबाईल आठवड्यातून एक दिवस गप्प राहिला तर पहिला पेढा मी वाटीन. माझं भांडण आहे ते या गोष्टीला ‘डिजिटल उपवास’ म्हणणाऱ्यांशी. सुट्टीला यांनी उपवास म्हटलं आणि तिथंच सगळा घोटाळा झाला. उपवास ज्याचा त्यानं करायचा असतो. सुट्टी कुणीतरी द्यावी लागते.

आता मराठी माणसाला उपवास म्हटला की ‘काय खायचं नाही’ हा प्रश्न पडत नाही, ‘काय चालतं’ हा पडतो. बटाटा चालतो, मिरची चालते, शेंगदाणा चालतो. ही सगळी मंडळी दक्षिण अमेरिकेकडून जहाजात बसून आलेली, म्हणजे ज्या ऋषींनी उपवास सांगितले त्यांनी यांतल्या एकाचंही तोंड पाहिलेलं नव्हतं. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंदही तिकडचाच. आता तो तमिळनाडूतल्या सेलमकडून पोत्यांनी येतो आणि आपल्या एकादशीला पावन करतो. बिचारा हरभरा मात्र पिढ्यान् पिढ्या इथलाच, म्हणून तो चालत नाही. ज्या लोकांनी एकादशीची दुप्पट खाशी करून दाखवली, त्यांच्या हाती तुम्ही मोबाईलचा उपवास देता?

आमच्या सोसायटीत हा प्रयोग झाला. सांगलीत, विश्रामबागेच्या बाजूला, सोळा बिऱ्हाडांची आमची इमारत आहे. सेक्रेटरींनी पार्किंगमध्ये सभा बोलावली. सभेची सूचना अर्थातच ग्रुपवर. येत्या रविवारी सकाळी सहा ते संध्याकाळी सहा संपूर्ण इमारतीनं डिजिटल उपवास करावा, असा ठराव त्यांनी मांडला, आणि पुढचा पाऊण तास फक्त ‘काय चालतं’ यावर गेला.

टीव्ही चालतो का? चालावा, कारण तो भिंतीवर असतो, हातात नसतो. हातातलं घड्याळ? ते पावलं मोजतं. पावलं न मोजता चाललं तर चालण्याचा उपयोग काय, असं दुसऱ्या मजल्यावरच्या एका तरुणानं विचारलं आणि कुणालाच उत्तर देता आलं नाही. टॅब? फक्त भक्तिगीतं असतील तर चालेल. लॅपटॉप? ऑफिसचं काम असेल तर चालेल, करमणुकीसाठी नाही. म्हणजे रविवारी काम केलं तर उपवास राहतो आणि गाणं ऐकलं तर मोडतो! गेटवरच्या वॉचमनचा मोबाईल? तो त्याला ठेवावाच लागेल, नाहीतर त्याला आपण कसं बोलावणार? इथं निवृत्त मुख्याध्यापकांनी विचारलं की, मग आपण त्याला कशावरून बोलावणार? सेक्रेटरींनी हा मुद्दा पुढच्या सभेकडे ढकलला.

एवढ्यात पहिल्या मजल्यावरच्या आजोबांच्या कानाच्या यंत्राचा विषय निघाला. ते यंत्र मुलानं पुण्याहून आणलेलं, नव्या पद्धतीचं, त्याचा आवाज मोबाईलवरून कमीजास्त होतो. मोबाईल बंद ठेवला तर आजोबांनी दिवसभर ऐकायचं कसं? सभा क्षणभर गंभीर झाली. तेव्हा आजी म्हणाल्या, “राहू द्या हो, एरवी तरी कुठं ऐकतात?” आणि ठराव एकमतानं मंजूर झाला.

उपवासाच्या दिवशी सकाळी पावणेसहाला सोळा बिऱ्हाडांतून किमान अकरा जणांनी ‘आज माझा डिजिटल उपवास’ असं स्टेटस ठेवलं. त्यातल्या निम्म्यांनी दुपारी दोनदा चोरून मोबाईल उघडला, तो हे स्टेटस किती जणांनी पाहिलं ते बघायला. सेक्रेटरींनी मोबाईलविना पत्ते खेळणाऱ्या मंडळींचा फोटो काढला. कशानं काढला ते विचारू नये.

आमच्या घरी मात्र हे प्रकरण गंभीरपणे घेतलं गेलं. आमची ही एकदा मनावर घेते तेव्हा पळवाट राहत नाही. रविवारी सहाच्या ठोक्याला तिनं माझा, चिरंजीवांचा, कन्येचा, स्वतःचा आणि आईचा असे पाच मोबाईल बंद करून तांदळाच्या डब्यात पुरले. तांदळाच्या डब्यातच का, असं मी विचारलं. “भिजलेला मोबाईल तांदळात ठेवला की सुधारतो म्हणतात ना, मग आपलाही सुधारेल,” असं उत्तर मिळालं. चिरंजीव डब्याकडे एकटक पाहत असा बसला की जणू आजोबांनाच नेलंय.

पहिला झटका साडेआठला बसला. भाजीवाल्या मावशी दारात आल्या. मेथी, वांगी, कोथिंबीर मिळून नव्वद रुपये झाले. त्यांच्या पाटीच्या कडेला तो काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन चिकटवलेला असतो, दर रविवारी मी त्याला मोबाईल दाखवतो आणि पैसे जातात. आज मोबाईल तांदळात. मी पाकीट उघडलं. त्यात आधार कार्ड, ओळखपत्र, कृष्णाकाठच्या गणपतीचा फोटो आणि एक दहाची नोट. हिच्या डब्यातून वीस निघाले. कन्येच्या गल्ल्यातून पाचाची सात नाणी. रोज लाखो रुपये मोजून ज्याची बोटं झिजली, त्या बँकेच्या कारकुनाच्या घरात रविवारी सकाळी नव्वद रुपये निघेनात! पासष्ट रुपये हातात ठेवून मी ओशाळून उभा राहिलो. मावशी म्हणाल्या, “राहू द्या दादा, पुढल्या रविवारी द्या.” मग जरा थांबून त्यांनी विचारलं, “मोबाईल बिघडला व्हय?” मी म्हटलं, “नाही, आज उपवास आहे मोबाईलचा. तुम्ही पण धरा एखाद दिवस.” त्या हसल्या. “मी धरला तर पैसं कशावर घेऊ? आन् घाऊकवाल्याचा फोन पहाटं तीनला येतोय, त्यो काय तुमच्या सोसायटीत राहतोय व्हय?”

यावर मला काही बोलता आलं नाही. मेथी निवडताना मात्र ते वाक्य डोक्यात राहिलं.

दुसरा झटका अकराला बसला. तो कुणालाच दिसला नाही. मलासुद्धा दीड तासानं दिसला. आमची आई अठ्ठ्याहत्तरची. गुडघ्यांमुळे जिना उतरणं दोन वर्षांपासून बंद. ताई नागपूरला असते आणि दर रविवारी अकराला तिचा फोन येतो, चेहरा दिसणारा. आईला ऐकू कमी येतं, पण ताईचे ओठ दिसले की तिला सगळं कळतं. मोबाईल डब्यात पुरताना आई काही बोलली नव्हती. “चालू द्या तुमचं,” एवढंच म्हणाली होती. साडेबाराला पाणी द्यायला गेलो तर आई खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेली. केस विंचरलेले, चष्मा पुसलेला, अंगावर ती रविवारची निळी साडी. म्हणजे दर रविवारप्रमाणे अकराला ती तयार होऊन बसली होती. मी म्हटलं, “अगं, सांगायचंस ना!” तर म्हणाली, “तुम्ही सगळे नियमानं करताय, मी कशाला मोडू? सवय आहे रे मला उपवासाची.”

आयुष्यभर ज्या बाईनं सोमवार, चतुर्थी, एकादशी, वटपौर्णिमा असे घरादारासाठी उपवास केले, तिच्या ताटातली आठवड्याची एक गोष्ट आम्ही काढून घेतली आणि वर त्याला मनाची शांती म्हटलं. उपदेशाचे ते निरोप पाठवणाऱ्यांच्या हे लक्षात येत नाही की, ज्याच्या दारात माणसं आहेत त्यालाच मोबाईल ठेवून देणं परवडतं. ज्याची माणसं मोबाईलमध्येच राहतात त्यानं काय करायचं? दुपारी एकला मी उपवास मोडला. तांदूळ झटकून नागपूरला फोन लावला. ताईनं पहिलं वाक्य रडत उच्चारलं आणि दुसरं शिव्या देत. आपल्याकडे फोन बंद लागला की लोक आधी दवाखान्यात पोहोचतात. आईच्या फोनमधून अजूनही मधूनमधून एखादा कोलमचा दाणा पडतो.

तिसरा झटका सोमवारचा, आणि खरं भांडण तिथूनच आहे.

आमच्या शाखेचा एक ग्रुप आहे. त्यावर वरच्या कार्यालयातून आलेलं सगळं खाली सोडलं जातं, रविवारी जरा जास्तच, कारण रविवारी वरच्यांना निवांतपणा असतो. त्या रविवारी एकूण सत्तेचाळीस निरोप आले होते. उद्या किती नवीन खाती उघडणार, किती विमे खपवणार, थकलेल्या कर्जदारांपैकी कुणाच्या घरी आज जाऊन येणार, प्रत्येकानं आकडा लिहावा. संध्याकाळी सातला साहेबांनी एक यादी टाकली होती : उत्तर न दिलेले कर्मचारी. यादीत एकच नाव. बी. कॉम.ला पहिला वर्ग मिळाला होता तेव्हाही माझं नाव असं एकटं झळकलं नव्हतं.

बाकी सगळ्यांनी अंगठे पाठवले होते. काय गंमत आहे पाहा! नोकरीला लागलो तेव्हा खातेदारानं अंगठा उठवला की आम्ही साक्षीदार बोलवायचो, फोटो ताडायचो, आणि सही करता येत नाही म्हणून मनातल्या मनात त्याची कीव करायचो. आता शाखेतले सगळे पदवीधर रविवारी घरी बसून दर वीस मिनिटांनी अंगठा उठवतात, आणि साक्षीदारही लागत नाही.

सोमवारी साहेबांनी बोलावलं. साहेब तसे वाईट नाहीत. “काय हो, काल कुठं होता?” मी म्हटलं, “डिजिटल उपवास होता.” साहेब म्हणाले, “अहो, मीही करतो की. दर गुरुवारी रात्री दहानंतर.” आणि मग आवाज खाली आणून म्हणाले, “पण हा ग्रुप धरून नाही.” म्हणजे आमच्या साहेबांचाही बटाटा होता.

आता मला सांगा, या उपवासात नेमकं कुणी काय सोडायचं? जिथून निरोप सुटतात त्यानं काही सोडायचं नाही. ज्यानं हातातून खाली ठेववणार नाही अशा बेतानं पडदा सरकत ठेवलाय त्यानं काही सोडायचं नाही. उलट २०१८ पासून त्याच कंपन्यांनी मोबाईलमध्येच मोबाईल किती पाहिला हे मोजायची सोय करून दिली. म्हणजे गुत्तेवाल्यानं ग्लासावर रेघा मारून द्याव्यात, आणि आठवड्याच्या शेवटी ‘या वेळी आपली जरा जास्तच झाली’ असा हिशेब घरी पाठवावा, तसंच. संयम ठेवायचा तो पिणाऱ्यानं.

पूर्वी, मंडळी, पैसासुद्धा रविवारी झोपायचा. शनिवारी टाकलेला चेक सोमवारपर्यंत ढाराढूर पडून असे. व्याज तेवढं जागं असायचं. व्याजाला कधीच सुट्टी नव्हती. १ सप्टेंबर २०१५ पासून आम्हा बँकवाल्यांना दुसरा आणि चौथा शनिवार पूर्ण सुट्टी मिळाली, त्याच्या बदल्यात बाकीच्या शनिवारचा अर्धा दिवस अख्खा झाला. मग १६ डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी वर्षाचे सगळे दिवस, चोवीस तास सुरू झालं. पुढच्या वर्षी, डिसेंबर २०२० मध्ये, आरटीजीएस त्याच वाटेनं गेलं. १ ऑगस्ट २०२१ पासून पगार जमा करणारी आणि हप्ते कापणारी जी एनएसीएच नावाची व्यवस्था आहे, तीही रविवारी चालू झाली. तिच्या अक्षरांचा उच्चार आम्ही शाखेत ‘नाच’ असा करतो. लोकांची सोय झाली, मी नाही म्हणत नाही. रात्री अकराला गादीवर आडवा होऊन विजेचं बिल मीही भरतो. पण पैसा आठवडाभर नाचायला लागला की पेटीवाला आणि तबलजी घरी झोपतील असं वाटतं का तुम्हाला? अडकलेल्या पैशाचा ओरडा रविवारीच सुरू होतो, आणि तो शेवटी कुणाच्या तरी खिशात वाजतो.

हा रविवार आपल्याला मिळाला कसा हे उपवासवाल्यांनी जरा आठवावं. तो संयमानं मिळालेला नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत माणसं उजाडल्यापासून मावळेपर्यंत राबत होती. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची संघटना उभी केली. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजातला हा माणूस, ‘दीनबंधु’ पत्राचा संपादक. त्यांनी साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. मागण्या काय? आठवड्यातून एक दिवस, रविवारी, सुट्टी. दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावं. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत मिळावा. यावर मालकांनी लगेच मान डोलावली असं नाही, सहा वर्षं गेली. १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी सुरू झाली.

लोखंड्यांनी कामगारांना असं सांगितलं नाही की, बाबांनो, रविवारी गिरणीत जा, पण मनानं अलिप्त राहा. आठवड्यातून एकदा पाच मिनिटं श्वासाकडे लक्ष द्या. त्यांनी भोंगाच बंद करायला लावला. एक माणूस घरी राहिला तर त्याला खाडा म्हणतात आणि त्याचा पगार कापतात. सगळी गिरणी थांबली की तिला सुट्टी म्हणतात. गेल्या रविवारी मी केला तो खाडा होता, म्हणून माझं नाव यादीत.

हे सगळं साहेबांच्या देशातलं खूळ आहे असंही कुणी समजू नये. आठवड्याचा एक दिवस पूर्ण थांबणारी माणसं आपल्या कोकणात शतकानुशतकं राहत आली. अलिबाग-पेणकडच्या गावांतले बेने इस्रायल. घरात मराठी, अंगावर नऊवारी आणि धंदा तेलाचा. शुक्रवारी सूर्य बुडाला की त्यांचा शब्बाथ सुरू, तो शनिवारी रात्र होईपर्यंत. त्या वेळात घाणा फिरायचा नाही. म्हणून गावानं त्यांना नाव दिलं ‘शनवार तेली’. दुसरे तेली सोमवार पाळायचे, ते ‘सोमवार तेली’. किती साधी व्यवस्था! शनवार तेल्याकडे शनिवारी तेल मागायला कुणी जात नसे, आणि गेला नाही म्हणून कुणाचं लग्न अडलं नाही. सुट्टी त्यांच्या मनात नव्हती, गावाच्या तोंडात होती. त्यांच्या धर्माज्ञेत विश्रांती फक्त घरधन्याला सांगितलेली नाही. मुलगा, मुलगी, गडी, मोलकरीण, गावात आलेला परका, सगळ्यांना त्या दिवशी सुट्टी. त्या यादीत बैलसुद्धा आहे.

हे वाचून मी अर्धा तास गप्प बसलो होतो. घाण्याचा बैल म्हणजे आपल्या भाषेत राबणाऱ्या माणसाचं शेवटचं नाव. आमच्या घरात ते मीच लावून घेतो, महिनाअखेरीस. आणि खुद्द घाण्याच्या बैलाला आठवड्यातून एक दिवस डोळ्यांवरची झापड काढून गोठ्यात उभं राहायला मिळत होतं! त्याला कुणी शनिवारी संध्याकाळी विचारत नव्हतं की, सोमवारी किती शेर तेल काढणार, आकडा लिही. आमच्या आजोळीही सोमवारी औत धरत नसत. मामा म्हणायचा, आज वार पाळायचा. वार पाळायचा, उपवास नव्हे. मामा त्या दिवशी चार भाकऱ्या जास्तच खायचा.

आणि आजचं म्हणाल तर सांगली जिल्ह्यातलंच उदाहरण आहे, लांब जायला नको. कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून तीनेक हजार वस्तीचं गाव. कोरोनाच्या काळात शाळा मोबाईलवर आल्या, मग शाळा परत गेल्या आणि मोबाईल पोरांच्या हातातच राहिले. तेव्हा सरपंच विजय मोहिते यांनी पुढाकार घेतला आणि २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून गावानं ठरवलं : संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला की घराघरातले टीव्ही आणि मोबाईल दीड तास बंद. साडेआठला पुन्हा भोंगा. शिक्षक, अंगणवाडी सेविका, आशाताई घरोघर फिरल्या. त्या दीड तासात पोरांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं, बोलायचं. सगळ्या महाराष्ट्रातून वर्तमानपत्रवाले धावले, आणि बऱ्याच ठिकाणी मथळा काय, तर गावाचा ‘डिजिटल डिटॉक्स’. अहो, डिटॉक्स कसला? भोंगा आहे तो! लोखंड्यांनी भोंगा थांबवला, यांनी भोंगा वाजवला, पण दोन्हीकडे तो सगळ्यांसाठी होता. सात वाजता सरपंचाचाही बंद आणि शेवटच्या घरातल्या पोराचाही बंद, म्हणून पोराला आपण काही गमावतोय असं वाटत नाही. आमच्या घरी चिरंजीव डब्याकडे पाहत बसला, कारण त्याच्या बाकीच्या पंधरा मित्रांचे मोबाईल त्या क्षणी चालू होते. त्याचा संयम कमी नव्हता, त्याचं गाव कमी होतं.

फ्रान्समध्ये २०१७ च्या सुरुवातीपासून कायदाच झाला की मोठ्या कंपन्यांनी कामाच्या वेळेबाहेर फोन-ईमेलला उत्तर न देण्याचा हक्क कर्मचाऱ्यांशी बसून ठरवावा. ऑस्ट्रेलियात २०२४ च्या ऑगस्टपासून तसा हक्क आला. तिथल्या लोकांचं मन आपल्यापेक्षा शांत आहे म्हणून नव्हे. त्यांनी मागितला म्हणून.

एवढं सगळं मी शाखेत जेवणाच्या सुट्टीत बोललो. साडेपाच हजार सह्या कुठून आणू, पण आमच्या शाखेत आम्ही अकरा. फुलस्केप कागद घेतला, डावीकडे समास सोडला आणि विषय लिहिला : रविवारी व सुट्टीच्या दिवशी शाखेच्या ग्रुपवर निरोप न पाठविण्याबाबत. ‘मे. साहेबांचे सेवेशी’ पासून ‘आपले विश्वासू’ पर्यंत सगळं रीतसर. अंगठा कुणीही उठवला नाही, दहा जणांनी सह्या केल्या. अकराव्या, रोखपाल बाईंनी अर्ज दोनदा वाचला, ‘पाठविण्या’ची वेलांटी तपासली, आणि मग केली.

साहेबांनी अर्ज वाचला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला. म्हणाले, “मला वरून येतं, मी खाली टाकतो. माझ्या मुलीचा वाढदिवस होता त्या रविवारी. केक कापताना मी आकडे गोळा करत होतो.” मग कॅबिनचं दार लोटून घेतलं आणि अर्ज वरच्या कार्यालयाकडे पाठवण्याआधी, खाली कोपऱ्यात, बाराव्या क्रमांकावर सही केली. पेन्सिलीनं.

अर्ज टपालानं गेला. तीन आठवडे काही नाही. चौथ्या रविवारी, अकरा वाजून वीस मिनिटांनी, वरच्या कार्यालयाचं उत्तर आलं. शाखेच्या ग्रुपवरच आलं. माझा मोबाईल त्या वेळी आईच्या हातात होता. तिच्या मोबाईलमध्ये पुन्हा तांदूळ अडकला होता. ती ताईशी बोलत होती.

“अरे,” आईनं हाक मारली, “ताईच्या कपाळावर काहीतरी इंग्रजी येतंय बघ.”

मी उठेपर्यंत तिनं बोटानं ते बाजूला सारलं, आणि ताईला म्हणाली, “हां, आता दिसतेस. मग भाजी कुठली केलीस म्हणालीस?”